लांबलचक कल्पनारम्य मालिका पुन्हा वाचताना पेरलेल्या खुणा कशा हुडकाव्यात?

चोपड्याची_वाचक

नमस्कार मंडळी.

चोपडा तालुक्यातील आमच्या गावच्या वाचनालयात उन्हाळी सुट्टीत मुलांचे वाचनमंडळ भरते. एप्रिल-मे महिन्यांत इकडे पारा ४५ अंशांच्या घरात गेला की दुपारी मुलांना बाहेर सोडता येत नाही, त्यामुळे जाडजूड पुस्तके हाती घ्यायला आमच्याकडे हाच काळ सोयीचा ठरतो. मंडळातील बहुतेक मुलांची हॅरी पॉटरची सातही पुस्तके वाचून झाली आहेत; धाकट्यांनी ती मराठी अनुवादातून वाचली आणि दहावी-अकरावीच्या मुलांनी इंग्रजीतून. यंदा एखादी नवीन मालिका आणावी असे मी सुचवले, तेव्हा मुलांनीच हीच सात पुस्तके पुन्हा वाचण्याचा आग्रह धरला, कारण शेवट ठाऊक झाल्यावर आधीच्या पुस्तकांत लेखिकेने कुठे काय पेरून ठेवले आहे ते त्यांना स्वतः हुडकायचे आहे.

मागणी मला मनापासून आवडली, पण ती पार कशी पाडावी हे ठरत नाही. पहिल्या पानापासून सरळ वाचत गेले तर मुले पुन्हा गोष्टीतच गुंततात आणि खुणा बाजूला राहतात. इंटरनेटवरच्या तयार याद्या हातात दिल्या तर शोधण्यातला आनंदच जातो. माझा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. एखादा तपशील लेखिकेने पुढचा विचार करून ठेवला होता, की पुढे गरज पडली तेव्हा मागे पडून असलेला तपशील तिने वापरून घेतला, हे वाचकाने कशावरून ठरवावे? शिवाय मंडळात यंदा काही मुले अशीही आहेत ज्यांनी मालिका अजिबात वाचलेली नाही, त्यांना कसे सामावून घ्यावे हेही सांगावे. कोणतीही दीर्घ मालिका ज्यांनी अशा रीतीने पुन्हा वाचली असेल त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. उत्तरांत रहस्ये उघड होणारच आहेत, तेव्हा ज्यांना ती नको असतील त्यांनी येथून पुढे वाचू नये.

भुसावळ_जंक्शन

ताई, सगळ्या खुणा एकदम शोधायला बसू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. एक वस्तू किंवा एक पात्र धरावे, सातही पुस्तकांतून फक्त त्याचाच माग काढावा, आणि तो तपशील जिथे जिथे येतो तिथे थांबून एकच गोष्ट पाहावी: त्या क्षणी लेखिकेने वाचकाचे लक्ष कशात गुंतवले होते? चांगली खूण बहुधा अगदी समोर ठेवलेली असते, पण त्याच वेळी शेजारी काहीतरी अधिक मजेदार किंवा अधिक भीतिदायक चाललेले असते आणि आपण तिकडे पाहत राहतो.

उदाहरणासाठी माणसांना गायब करणारे ते कपाट घ्या, कारण मुलांना पहिल्याच आठवड्यात द्यायला याहून चांगला धागा मला दिसत नाही. दुसऱ्या पुस्तकात (१९९८) हॅरी चुकून बोर्गिन अँड बर्क्स या काळ्या जादूच्या दुकानात जाऊन पडतो आणि शाळेतला त्याचा वैरी ड्रॅको मॅल्फॉय वडिलांसह आत येताना दिसताच एका मोठ्या काळ्या कपाटात लपतो. ड्रॅको दुकानात हिंडतो, तिथला वाळलेला हात न्याहाळतो, शापित ओपलच्या हारापाशी थांबतो, मग कपाटासमोर येऊन त्याच्या मुठीकडे हात नेतो, आणि नेमके त्याच क्षणी वडील त्याला हाक मारतात. आपण श्वास रोखून हॅरी सापडतो की काय एवढेच पाहत असतो. तो हात, तो हार आणि ते कपाट या तिन्ही वस्तू सहाव्या पुस्तकात (२००५) ड्रॅकोच्याच कारस्थानात कामाला येतात, आणि त्या एकाच छोट्या प्रसंगात, त्याच्याच नजरेसमोर मांडून ठेवलेल्या होत्या. पहिल्या वाचनात यातले काहीही जाणवण्याचा संभव नसतो.

त्याच दुसऱ्या पुस्तकात हॅरी शाळेचा रखवालदार फिल्च याच्या खोलीत शिक्षेची वाट पाहत असताना वरच्या मजल्यावर काहीतरी प्रचंड आदळते. पीव्हज नावाच्या उपद्रवी भुताने एक कपाट पाडलेले असते, आणि ते पाडायला त्याला निक नावाच्या दुसऱ्या भुताने भरीस घातलेले असते. हे शाळेतले कपाट दुकानातल्या कपाटाचा जोड आहे, हे आपल्याला फार पुढे कळते. फिल्च परत येतो तो ते कपाट किती मौल्यवान होते हे बडबडतच येतो. पण आपले लक्ष तोवर टेबलावरच्या पत्राकडे गेलेले असते, ज्यातून फिल्चला जादू येत नाही हे उघड होणार असते.

यानंतर पाचवे पुस्तक (२००३) उघडा. फ्रेड आणि जॉर्ज ही खोडकर जुळी भावंडे माँटेग्यू नावाच्या मुलाला याच कपाटात कोंबतात आणि आपण हसून पुढे जातो. काही प्रकरणांनंतर स्नेप या शिक्षकाचा शिकवणीचा तास चालू असताना एक मुलगा निरोप घेऊन येतो की माँटेग्यू चौथ्या मजल्यावरच्या संडासात अडकलेला सापडला आहे. स्नेप घाईने निघून जातो आणि हॅरी त्याच्या आठवणींच्या पात्रात डोकावतो. त्या प्रकरणात आपण जे पाहतो ते इतके जिव्हारी लागणारे आहे की निरोप काय होता हे कुणाच्याही ध्यानात राहत नाही. आता निरोप आणणारा मुलगा कोण ते पाहा: ड्रॅको मॅल्फॉय. माँटेग्यू त्या कपाटात अडकला असताना त्याला कधी शाळेतले तर कधी दुकानातले आवाज ऐकू येत होते, आणि पुढे त्याच्याच सांगण्यावरून ड्रॅकोला दोन कपाटांमधला रस्ता उमगला. म्हणजे लेखिकेने कारस्थानाचे मूळ आणि कारस्थान करणारा एकाच दारात उभे केले आणि दार बंद होताच आपल्याला दुसरीकडे नेले. मला तरी हा संपूर्ण मालिकेतला सर्वात धीट डाव वाटतो.

दुसरा धागा हॅरीचा मित्र रॉन याच्या उंदराचा, स्कॅबर्सचा; तो उंदीर नसून रूप पालटलेला माणूस आहे हे तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी कळते. तिसऱ्या पुस्तकाच्या (१९९९) पहिल्याच प्रकरणात वर्तमानपत्राचे कात्रण येते, ज्यात इजिप्तला गेलेल्या रॉनच्या वीझ्ली कुटुंबाचे छायाचित्र आहे आणि रॉनच्या खांद्यावर उंदीर आहे. पुढे प्राण्यांच्या दुकानातली बाई उंदराचे वय विचारते, पंजाचे एक बोट तुटलेले आहे हे तिच्या नजरेस येते, आणि साधा उंदीर तीन वर्षांच्या वर जगत नाही असे ती स्पष्ट सांगते. एवढे सगळे उघड सांगूनही आपण फसतो, कारण तेवढ्यात मैत्रीण हर्मायनीचे मांजर रॉनच्या डोक्यावर झेप घेते आणि उंदराच्या आजारपणाचा दोष आपण पुस्तकभर मांजराला देत राहतो. तारखा जुळवून पाहिल्या तर उंदीर मांजर घरात येण्याआधीच, म्हणजे सिरियस ब्लॅक तुरुंगातून निसटल्याच्या सुमारासच, खंगायला लागलेला आहे.

पाचव्या पुस्तकातल्या साफसफाईत कुणालाच न उघडता आलेले लॉकेट आणि सहाव्या पुस्तकातल्या अडगळीच्या खोलीतला काळवंडलेला मुकुट हे पुढे महत्त्वाचे ठरणारे दोन्ही तपशील सामानाच्या लांबलचक यादीत टाकलेले आहेत. मुलांना एवढेच सांगा की यादी आली की ती सावकाश वाचावी.

रावेरचा_केळीवाला

भुसावळच्या दादांनी फार छान उलगडून सांगितले आहे. शेतीपंपाला रात्रीची वीज असते त्या आठवड्यात बागेला पाणी देत असताना माझे वाचन होते. मोटार चालू करून बसायचे आणि अधूनमधून उठून पाणी कुठवर गेले ते पाहून यायचे. त्यामुळे पुस्तक तुकड्यातुकड्याने वाचले जाते आणि प्रत्येक वेळी परत बसताना मागचे पान पुन्हा वाचावे लागते. अशा वाचनात लहानसहान तपशील अधिक दिसतात, पण त्याबरोबर नसलेल्या खुणाही दिसू लागतात, आणि त्याबद्दल मला लिहायचे आहे.

चौथ्या पुस्तकात (२०००) खलनायक व्होल्डेमॉर्टच्या जादूच्या छडीतून त्याने मारलेल्या माणसांच्या छाया उलट्या क्रमाने बाहेर येतात. हॅरीचे वडील आधी मारले गेले आणि आई नंतर, म्हणून उलट्या क्रमात आई आधी यायला हवी होती. परंतु सुरुवातीच्या आवृत्त्यांत वडील आधी आले. वाचकांनी यात गूढ अर्थ शोधण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. प्रत्यक्षात ती साधी चूक होती आणि पुढच्या छपाईत ती दुरुस्त करण्यात आली. तेव्हा मुलांना काही विसंगत सापडले की ते आधी दुसऱ्या आवृत्तीशी ताडून पाहायला सांगा.

याच पुस्तकाच्या शेवटी याच्या अगदी उलट उदाहरण आहे. व्होल्डेमॉर्टने हॅरीचे रक्त वापरून शरीर मिळवले हे ऐकताच मुख्याध्यापक डम्बलडोरच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक दिसल्याचा हॅरीला भास होतो आणि लगेच तो पूर्वीसारखाच थकलेला दिसतो. ही खूण लपवलेली नाही. लेखिकेने ती मुद्दाम दाखवली आणि स्पष्टीकरण सातव्या पुस्तकापर्यंत (२००७) राखून ठेवले. वाचकांना सात वर्षे थांबावे लागले. लपवलेली खूण आणि दाखवून न उलगडलेली खूण हे दोन प्रकार मुलांनी वेगळे ठेवावेत, कारण दुसऱ्या प्रकाराला शोधाची गरज नसते; तिथे तर्काची गरज असते.

आता ताईंच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. मी एक कसोटी लावतो: तो तपशील गाळला तर त्या प्रसंगाचे काही अडते का, हे पाहावे. अडत असेल तर तो त्या प्रसंगासाठीच लिहिलेला आहे. काहीच अडत नसेल आणि तरीही तो पुन्हा पुन्हा येत असेल, तर तो पुढच्यासाठी ठेवलेला आहे असे समजायला हरकत नाही.

नंदुरबार_ते_पुणे

रावेरच्या भाऊंच्या कसोटीत एक भर घालावीशी वाटते. मालिका पूर्ण झालेली असणे ही खुणा शोधण्याची पहिली अट मानावी. रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' ही १४ खंडांची मालिका १९९० ते २०१३ या काळात प्रसिद्ध झाली. त्यातील पाचव्या खंडाच्या (१९९३) शेवटी ॲस्मोडियन नावाच्या पात्राचा खून होतो, पण खुनी कोण ते सांगितलेले नाही. जगभरच्या वाचकांनी एकेक ओळ घासूनपुसून पाहिली आणि संशयितांच्या याद्या केल्या. २००७ मध्ये लेखकाचे निधन झाले, ब्रँडन सँडर्सनने मालिका पूर्ण केली, आणि २०१० च्या खंडात मागच्या शब्दसूचीत एका नोंदीत खुनी म्हणून ग्रेंडालचे नाव आले. इतक्या वर्षांच्या वादाचा निकाल शब्दसूचीत लागावा याचे पुष्कळांना वाईट वाटले. मला मात्र त्यातून एवढेच दिसते की वाचकांनी किती कसून वाचले होते.

जॉर्ज मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचे पाच खंड १९९६ ते २०११ या काळात आले आणि पुढचा अजून आलेला नाही. त्यातील जॉन स्नो या पात्राच्या आईबद्दलचा वाचकांचा तर्क २०१६ मध्ये दूरचित्रवाणी मालिकेने खरा ठरवला, पण पुस्तकांत तो अद्याप तर्कच आहे. लहान मुलांसाठी ती मालिका मुळीच योग्य नाही. केवळ मुद्द्यासाठी उल्लेख केला. ताई, तुम्ही सात पूर्ण पुस्तके घेतली आहेत ते फार बरे केलेत, कारण तिथे प्रत्येक तर्काला उत्तर तपासायला पान आहे.

सातपुडा_पायथा

आमचे घर मुक्ताईनगरकडे, आणि बऱ्हाणपूर जवळ असल्याने घरात हिंदी पुस्तके नेहमीच आली. त्यामुळे या विषयावर मला इंग्रजी मालिकांच्या आधी देवकीनंदन खत्रींची आठवण होते. 'चंद्रकांता' १८८८ मध्ये आली आणि तिच्या पुढची 'चंद्रकांता संतति' २४ भागांत आहे. तिलिस्म म्हणजे मायावी कोडी असलेल्या वास्तू, भुयारे आणि वेष पालटण्यात तरबेज असलेले ऐयार यांनी ती भरलेली आहे, आणि पुन्हा वाचण्यासाठी याहून समृद्ध मालिका आपल्या शेजारच्या भाषेत मला तरी माहीत नाही.

त्यातला तारा या पात्राचा धागा पाहा. ती कमलिनीची विश्वासू सखी आणि ऐयारा म्हणून वावरते. पुढे उघड होते की ती लक्ष्मीदेवी आहे, म्हणजे राजा गोपालसिंहाशी जिचे लग्न व्हायचे होते ती, आणि शिवाय कमलिनीची सख्खी बहीण. लग्नाच्या वेळी तिच्या जागी दुसरीच मुलगी बसवण्यात आली आणि तीच मायारानी होऊन राज्य बळकावून बसली. हे ठाऊक झाल्यावर मागचे भाग काढले की तारा आणि मायारानी यांच्याविषयीचे प्रत्येक बोलणे वेगळे ऐकू येते. मायारानीचे नाव निघाल्यावर तारा काय बोलते आणि कुठे गप्प राहते, एवढेच पाहत वाचले तरी भरपूर हाती लागते.

खत्रींची रीत दादांनी सांगितलेल्या रीतीहून निराळी आहे. इथे प्रत्येक चेहरा खोटा असू शकतो हे वाचकाला सुरुवातीपासून ठाऊक असते, म्हणून तो सगळ्यांवरच संशय घेतो, आणि सगळ्यांवर संशय घेणारा माणूस निष्ठावान सखीकडे दुर्लक्ष करतो. हिंदी वाचू शकणाऱ्या मोठ्या मुलांना तुम्ही हा प्रयोग जरूर द्या.

धुळेकर_ग्रंथप्रेमी

व्यवहाराच्या दोन गोष्टी. पुस्तके वाचनालयाची आहेत, तेव्हा समासात पेन्सिलसुद्धा लावू देऊ नये; प्रत्येक मुलाला एक वही द्यावी आणि नोंद करताना पान क्रमांकाऐवजी प्रकरण क्रमांक लिहायला सांगावे, कारण मराठी अनुवाद, इंग्रजी आवृत्ती आणि निरनिराळ्या छपाया यांची पाने कधीही जुळत नाहीत. नोंदीत तीन गोष्टी असाव्यात: तपशील काय, तो कुणाच्या दृष्टीस पडला, आणि त्या वेळी प्रसंगात मुख्य काय चालले होते.

नव्या मुलांना मात्र मी या मंडळाचे सर्वात मोलाचे सभासद मानीन. ज्याने शेवट वाचला आहे त्याला आपले अजाणतेपण परत मिळत नाही. प्रथमच वाचणाऱ्या मुलाला कशाचा संशय आला आणि कशाचा आला नाही, हे तोच सांगू शकतो. प्रत्येक प्रकरणानंतर नव्या मुलांनी आपला अंदाज लिहून वही बंद करावी आणि जुन्या मुलांनी त्यांच्यासमोर अवाक्षरही काढू नये. पुस्तक संपले की दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात. मग लेखिकेने कुठे कुणाला कसे चकवले हे तुम्हाला कुणाच्याही सांगण्याशिवाय दिसेल.

चोपड्याची_वाचक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दोन वह्यांची कल्पना मुलांना फारच आवडली. मोठ्या मुलांनी लगेच एक धागा निवडला आहे आणि त्यावरूनच आमच्यात वाद चालू आहे, म्हणून पुन्हा विचारते.

त्यांनी डम्बलडोरचा भाऊ ॲबरफोर्थ निवडला. चौथ्या पुस्तकात त्याच्यावर बकरीवर भलतेसलते मंत्र चालवल्याबद्दल खटला झाल्याचा उल्लेख ओझरता येतो. पाचव्या पुस्तकात हॉग्ज हेड नावाच्या गुत्त्यात शिरल्यावर बकऱ्यांचा वास येतो, आणि लांब करड्या दाढीचा मालक हॅरीला ओळखीचा वाटतो. त्याच पुस्तकात व्होल्डेमॉर्टविरोधी संघटनेच्या जुन्या सभासदांच्या छायाचित्रात मूडी हा सभासद ॲबरफोर्थकडे बोट दाखवतो. सहाव्या पुस्तकात भविष्यवाणी चोरून ऐकणाऱ्या स्नेपला पकडून दारात उभा असलेला गुत्त्याचा मालकच आहे. इथपर्यंत सगळ्यांचे एकमत आहे. पण हॉग्ज हेडचे नाव पहिल्या पुस्तकातच (१९९७) येते, कारण शाळेचा वनरक्षक हॅग्रिड याला ड्रॅगनचे अंडे तिथेच एका अनोळखी माणसाकडून मिळते. ही खूण मानावी की नाही यावर दोन तट पडले आहेत. रावेरच्या भाऊंची कसोटी लावली तर गुत्त्याशिवाय तो प्रसंग घडत नाही, म्हणून ती खूण नाही. मग फिल्चच्या खोलीच्या वर आदळलेले कपाटही त्या प्रसंगाला आवश्यकच होते, कारण त्याखेरीज हॅरी शिक्षेतून सुटला नसता. तरीही ते आपण खूण मानतो. हे कसे?

रावेरचा_केळीवाला

ताई, तुमच्या मुलांनी कसोटीतली उणीव बरोबर पकडली. ती अशी सुधारून घ्यावी असे मला वाटते. प्रसंगाला ती गोष्ट लागते का, एवढ्यावर न थांबता प्रसंगाला लागतो त्याहून जास्त नेमकेपणा तिथे आहे का, हे पाहावे. हॅरीची सुटका व्हायला नुसता मोठा आवाज पुरेसा होता. टेबल, घंटा, पुतळा काहीही पडले असते तरी चालले असते. लेखिकेने मात्र ठरावीक जादूचे कपाट पाडले, फिल्चच्या तोंडून त्याची किंमत वदवली, आणि निकच्या तोंडून त्याचा पुन्हा उल्लेख केला. हा नेमकेपणा त्या प्रसंगाच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त आहे.

भुसावळ_जंक्शन

भाऊंशी सहमत आहे. पहिल्या पुस्तकात हॅग्रिड गुत्त्याचे नाव घेतो आणि तिथे चित्रविचित्र माणसे येतात एवढेच सांगतो. मालकाबद्दल एक शब्दही नाही. तिथे भेटलेल्या अनोळखी माणसाचा बुरखा मात्र त्याने न उतरवल्याचे आवर्जून सांगितले आहे, म्हणजे त्या प्रकरणात नेमकेपणा अनोळखी माणसाभोवती आहे आणि तोच त्या पुस्तकाच्या रहस्याचा भाग आहे. ॲबरफोर्थचा धागा मी चौथ्या पुस्तकातल्या बकरीपासून सुरू झालेला धरीन, आणि हॉग्ज हेडला पुढे वापरून घेतलेली जागा म्हणेन. मोठ्या मुलांना एक काम द्या: पाचव्या पुस्तकात मुंडंगस हा भुरटा चोर त्या गुत्त्यात बाईच्या वेषात का बसला होता, आणि मालकाची स्मरणशक्ती दांडगी असल्याचे तिथे कशासाठी सांगितले आहे, हे त्यांनी शोधून वहीत लिहावे. नव्या मुलांसमोर मात्र चर्चा नको. ती अजून अंड्यापाशीच असतील.